तीन वर्षं एकच वार: यामाओका तेश्शूच्या शिकवण्याविषयी

आजच्या विषयाची सूचना वाचून दोघांनी मला फोन केला. एकाने विचारलं, सर, तुम्ही कधी तलवार धरली आहे का? नाही. दसऱ्याला पूजेत ठेवतो तेवढीच. दुसऱ्याचं म्हणणं, चिंचवडमध्ये बसून तत्त्वज्ञानाच्या मास्तराने जपानी तलवारबाजीवर काय बोलायचं? त्याचं उत्तर जरा लांब आहे आणि ते चाकणपासून सुरू होतं.

माझा एक जुना विद्यार्थी. एम.ए.ला होता, कांटवर बरा निबंध लिहायचा. पोटापाण्यासाठी चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला, आता शिफ्ट सुपरवायझर आहे. त्यांच्याकडे बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. फाइव्ह एस, कायझेन वगैरे आपल्या पट्ट्यात आता घरगुती शब्द झालेत, ते झालंच. पण हे गृहस्थ पुढे गेले. पडद्यावर सामुराई आला. मग ‘शु-हा-री’ आलं. शु म्हणजे गुरू सांगेल तसंच करा, हा म्हणजे मग चौकट मोडा, री म्हणजे मग चौकटीच्या बाहेर जा. आणि मग एक गोष्ट: जपानमध्ये एक थोर वस्ताद होता, तो नव्या शिष्यांकडून तीन वर्षं एकच वार करून घ्यायचा, तक्रार चालायची नाही, आणि तुम्ही तीन महिने एका स्टेशनवर एकच बोल्ट आवळायला कंटाळता!

मागच्या रांगेतला एक कंत्राटी पोरगा उभा राहिला. म्हणाला, “सर, पण त्या पोरांना तीन वर्षं ठेवून तर घेत होते ना?”

सगळे हसले. प्रशिक्षकांनी पुढची स्लाइड लावली. माझ्या विद्यार्थ्याने रात्री मला विचारलं, सर, ती गोष्ट खरी आहे का?

गोष्ट खरी आहे. त्या वस्तादाचं नाव यामाओका तेश्शू. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे, आणि त्या पोराच्या प्रश्नाविषयी. मला तो प्रश्न सगळ्या स्लाइडांपेक्षा जास्त तात्त्विक वाटला.

तेश्शूचा जन्म १८३६ सालचा, एदोमधला, म्हणजे आजच्या तोक्योतला. ओनो हे त्याचं मूळ घराणं, शोगुनच्या थेट चाकरीतलं. वडील हिदा प्रांतात ताकायामाला कारभारी म्हणून गेले, त्यामुळे पोराचं बालपण डोंगरात गेलं. तलवार लहानपणीच हातात आली. सतरा वर्षांचा व्हायच्या सुमारास आईवडील दोघंही गेले आणि धाकट्या भावंडांना घेऊन तो एदोला परतला. पुढे भाला शिकायला यामाओका सेइझान या तरुण वस्तादाकडे गेला. सेइझान ऐन उमेदीत वारला. त्याच्या घराण्याचं नाव पुढे चालावं म्हणून या शिष्याने सेइझानच्या बहिणीशी लग्न केलं आणि यामाओका हे नाव घेतलं. सामाजिक दर्जाने तो मोठ्या घरातून लहान घरात गेला, हे लक्षात घ्या. गरिबी इतकी, की लोक त्याला ‘फाटका तेत्सु’ म्हणत.

आता त्याच्या आयुष्याचं वर्ष, १८६८. शोगुनशाही कोसळते आहे, सम्राटाच्या बाजूची फौज एदोवर चालून येते आहे. शहरात दहा लाखांच्या आसपास माणसं. शोगुनच्या बाजूने बोलणी करायला कुणीतरी शत्रूच्या छावणीतून आरपार जायला हवं. तेश्शू गेला, सुन्पु इथे साइगो ताकामोरीला भेटला. या भेटीनंतर पुढची बोलणी झाली आणि एदोचा किल्ला लढाईविना हवाली झाला. या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझा सगळा आक्षेप तिथेच उभा आहे.

त्यानंतर हा शोगुनचा माणूस नव्या सम्राटाच्या, मेइजीच्या, खासगीत दहा वर्षं नोकरीला होता. जाता जाता एक: जपानमध्ये लाल चवळीचं गोड सारण भरलेला ‘आनपान’ नावाचा पाव मिळतो. तो सम्राटापुढे १८७५ साली पहिल्यांदा गेला तो तेश्शूच्या मध्यस्थीने. त्या बेकरीची पाटीही त्याच्या हस्ताक्षरातली. सुलेखन तर त्याने इतकं केलं की मोजदाद नाही, देवळांना पैसे उभे करायचे म्हणून मागेल त्याला लिहून देत असे. असा माणूस. १८८२च्या सुमारास नोकरी सोडून त्याने तलवारीची शाळा काढली, शुनपुकान. वसंतवाऱ्याचं घर असा काहीसा अर्थ.

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवू. १८७६ साली जपान सरकारने सामुराईंना तलवार लटकवून फिरायला बंदी केली. म्हणजे शाळा निघाली ती तलवार बेकायदा झाल्यानंतर सहा वर्षांनी. आपल्याकडे इंग्रजांचा शस्त्रकायदा १८७८चा. दोन वर्षांचं अंतर. फरक हा, की तिकडे स्वतःच्या सरकारने शस्त्र काढून घेतलं, इकडे परक्याने. त्यामुळे इकडची तालीम कुठे गेली हे चिंचवडकरांना मी सांगायला नको. दामोदर हरी चापेकर याच गावचे. १८९७ सालचा जून महिना आपल्याला पाठ आहे. तिकडची तालीम मात्र आत वळली. मनाकडे.

तेश्शूच्या पंथाचं नाव ‘मुतो’. मु म्हणजे नाही, तो म्हणजे तलवार. मनाच्या बाहेर तलवार नाही, तेव्हा समोर शत्रू नाही आणि आपणही नाही, असं काहीसं त्याचं सूत्र. हे ऐकून इथल्या श्रोत्यांना अद्वैत आठवेल. आठवू द्या, पण घाई नको.

तेश्शूविषयी आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं शिष्यांनी मागाहून सांगितलेलं आहे. वस्ताद किती खायचे, किती प्यायचे, किती जागायचे. आपल्या संतचरित्रांची सवय असलेल्या माणसाला हा वाण लगेच ओळखू येतो. मी ते सगळं बाजूला ठेवतो. त्याने स्वतः लिहिलेलं थोडं आहे, आणि ते जास्त मोलाचं आहे, कारण त्यात तो हरलेला आहे.

१८६३च्या सुमारास, विशी सरत असताना, तो असारी योशिआकी या वस्तादाशी लढला. तेश्शू अंगापिंडाने धिप्पाड, दांडगा. असारी शांत. आणि तेश्शूचं काही चालेना. त्यानंतर कितीतरी वर्षं डोळे मिटले की असारी समोर उभा, डोंगरासारखा. सरावात, ध्यानात, सगळीकडे. तेन्र्यूजीच्या तेकिसुई या झेन गुरूने त्याला एक कोडं दिलं, दोन तलवारी भिडल्या आहेत आणि मागे सरायला जागा नाही अशा आशयाचं. तेही वर्षानुवर्षं सुटेना.

मग एक व्यापारी त्याच्याकडे अक्षर लिहून घ्यायला आला. बोलता बोलता आपल्या धंद्याची हकीकत सांगू लागला. भाव चढतील की पडतील या चिंतेत असलो की मन थरथरतं आणि हमखास खोट येते. एकदा मनाशी ठरवून नफ्यातोट्याकडे बघणं सोडलं की व्यवहार सरळ होतो, असं त्याचं सांगणं. तेश्शूला वाटलं, अरे, हेच की! नंतर काही दिवस तो हे तलवारीत आजमावत राहिला. ३० मार्च १८८० रोजी पहाटे ध्यानात बसला असता असारीची ती आकृती नाहीशी झाली. असारीनेही पुन्हा सामना झाला तेव्हा लाकडी तलवार खाली ठेवून मान्य केलं.

मला हा वृत्तांत फार आवडतो. का, तर त्यात गुरू चकवतो, कोडं चकवतं आणि कुलूप उघडतं ते एका व्यापाऱ्याच्या गप्पांनी. धंद्यातली गोष्ट, बाजारभावाची. झेनचा इतका कमी थाट मी दुसऱ्या कुठल्याच झेनच्या पुस्तकात पाहिला नाही. आणि सतरा वर्षं! सतरा वर्षं हरणं लक्षात ठेवणं. आपल्याकडे माणूस दुसऱ्या दिवशी पंचांना दोष देऊन मोकळा होतो.

आता शाळेत तो काय करायचा ते बघू. नवा शिष्य आला की पहिली तीन वर्षं उचिकोमी. म्हणजे समोर जुना शिष्य उभा, आणि याने डोक्यावरून सरळ वार करत त्याच्या अंगावर जायचं. परत फिरायचं, परत जायचं. डावपेच नाही, सामने नाहीत. त्यानंतर एक हजार दिवस सलग सराव झालेल्याला एक परीक्षा: एका दिवसात दोनशे सामने. पुढची, तीन दिवसांत सहाशे. त्यापुढची, सात दिवसांत चौदाशे. ही शेवटची पार करणारे अगदी थोडे.

हे वेडेपण वाटेल. पण त्या काळच्या बाजारात ठेवून बघा. चाकरी गेलेल्या सामुराईंना पोट होतं. १८७३ साली साकाकिबारा केंकिची या मोठ्या वस्तादाने तिकीट लावून तलवारीचे जाहीर सामने सुरू केले. लोटली माणसं. मी साकाकिबाराला नावं ठेवणार नाही, उपाशी शिष्य पोसायचे होते त्याला. पण तिकीट आलं की टाळी आली, आणि टाळी आली की वार टाळीच्या दिशेने जातो. त्याच्या आधीच, शोगुनशाहीच्या शेवटच्या काळात, सरावाची बांबूची तलवार लांब होत होत कुणाकुणाकडे पाच शाकूपर्यंत, म्हणजे दीड मीटरपर्यंत गेली होती. हात लांब, म्हणून गुण जास्त. तेश्शूच्या शाळेत बांबू आखूड आणि जाड. जवळ गेल्याशिवाय लागणारच नाही. हा निव्वळ हट्ट नव्हता, हा त्याचा बाजारावरचा अभिप्राय होता.

आणि एकच वार का, हे ज्याने गाणं शिकलंय त्याला विचारा. खर्ज लावायला बसवतात, सहा महिने, वर्ष. शेजाऱ्याला वाटतं पोराला काही येत नाही. पण त्या एका सुरात काय काय बिघडू शकतं हे ज्याला कळलं त्याला पुढे बिघाड ऐकू येतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याने गोष्ट बदलत नाही, करणाऱ्याचं लक्ष बदलतं. तेश्शूचा तीन वर्षांचा वार हा लक्षाचा खर्ज आहे. इथवर मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. भोसरीच्या तालमीत जोर-बैठकांनी सुरुवात करणारा वस्तादही हेच सांगेल, फक्त त्यावर पुस्तक लिहिणार नाही.

पुस्तक लिहिणार नाही, यावरून एक मुद्दा. तलवारीचं तत्त्वज्ञान जपानमध्ये कधी लिहिलं गेलं? याग्यू मुनेनोरीचा ग्रंथ १६३२चा. मियामोतो मुसाशीचा ‘पाच वर्तुळांचा ग्रंथ’ १६४३ ते ४५ मधला. ताकुआन या झेन भिक्षूने मुनेनोरीला लिहिलेलं प्रसिद्ध दीर्घपत्र त्याच सुमाराचं. आणि जपानमधलं त्या काळातलं शेवटचं मोठं युद्ध, शिमाबाराचं बंड, १६३८ साली संपलं. पुढे दोनशे वर्षं शांतता. आता त्याच शतकात आपल्या चाकणला या. १६६० साली फिरंगोजी नरसाळा संग्रामदुर्गात जवळपास दोन महिने शायिस्ताखानाची फौज थोपवून धरतो. शेवटी सुरुंगाने बुरूज उडतो. तो भुईकोट अजून आहे, कंपनीच्या बसमधून जाताना खिडकीतून बघा. फिरंगोजीने तलवारीवर काही लिहिलं का? त्याला सवड कुठली! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आहेत, आरमार आहे, सावकार आहेत. तलवार शिकवावी कशी हे नाही. आपल्याकडे तालमीच्या विद्या सविस्तर ग्रंथात आल्या त्या विसाव्या शतकात, बडोद्याहून निघालेल्या मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशात. म्हणजे इथेही शस्त्र रिकामं झाल्यावरच.

तेव्हा तलवारीचं तत्त्वज्ञान हे रिकाम्या तलवारीचं तत्त्वज्ञान आहे. मी हे हेटाळणीने म्हणत नाही. रिकामपण असल्याशिवाय विचार होत नाही, हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलंय आणि माझ्या पेन्शनने सिद्ध केलंय. पण त्याचा एक परिणाम होतो. ज्या हत्याराने आता कुणी मरत नाही, त्याच्याविषयी ‘मारणारा नाही, मरणारा नाही’ असं म्हणणं फार सोपं होतं.

ताकुआनचं पत्र बघा. सुंदर आहे. त्याचा मुख्य विचार एवढाच, की मन कुठेही थांबू देऊ नका. शत्रूच्या तलवारीवर थांबलं की गेलात, स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी गेलात. त्यासाठी तो हजार हातांच्या कान्नोनचं उदाहरण घेतो. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीला अकरा मुखांचा आहे, बघितला असेल. एका हातावर लक्ष अडकलं की उरलेले नऊशे नव्व्याण्णव निकामी. आणि ज्याला तो ‘फुदो’ ज्ञान म्हणतो ते ‘अचल’ ज्ञान, शब्द आपल्याकडूनच चीनमार्गे गेलेला. अचल म्हणजे दगडासारखं नाही. सगळीकडे फिरतं आणि कुठेच खिळत नाही म्हणून अचल. स्थितप्रज्ञावर आपण इतकं बोलतो, ही बारीक गोष्ट आपल्याकडे क्वचित कुणी इतकी नेमकी मांडली.

पण पुढे तोच ताकुआन अशा ठिकाणी जातो, जिथे वार करणाराही शून्य, ज्याच्यावर वार होतो तोही शून्य आणि तलवारही शून्य. इथे मी थांबतो. माझं मन इथे थांबतं आणि मी ते थांबू देतो. शून्य आहे, मान्य. पण कुणाची मान? कशासाठी? हा प्रश्न शून्यवादाने सुटत नाही, फक्त विचारणारा गप्प बसतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाविषयीही हाच आक्षेप घेतला गेला आहे. तिथे निदान पुढे सोळा अध्याय आहेत आणि अर्जुन प्रश्न विचारत राहतो.

तेश्शू १८८८ साली पोटाच्या कॅन्सरने गेला, बसल्या आसनावर. वय बावन्न. त्यानंतर त्याच्या पद्धतीचं काय झालं? शुनपुकानमध्ये शिकलेला ताकानो सासाबुरो हा पुढे आधुनिक केंदोच्या मोठ्या शिक्षकांपैकी एक झाला. १८९५ साली क्योतोला अखिल जपानी शस्त्रविद्येची संस्था निघाली. १९११ साली तलवारबाजीला सरकारी माध्यमिक शाळांत जागा मिळाली. मग युद्धं. विसाव्या शतकाच्या तिशी-चाळिशीत ‘अ-मन’, ‘स्व नाही’ ही भाषा शाळकरी पोरांना बादशहासाठी मरायला तयार करण्याच्या कामी आली. ब्रायन व्हिक्टोरिया या झेन भिक्षूनेच १९९७ साली त्यावर पुस्तक लिहून झेन गुरूंची त्या काळातली भाषणं समोर ठेवली. वाचवत नाहीत. १९४५ नंतर अमेरिकन ताबेदारांनी केंदोवर बंदी घातली. १९५२ साली नवी महासंघटना झाली आणि १९७५ साली तिने जाहीर केलं की तलवारीच्या तत्त्वांतून माणूस घडवणं ही केंदोची संकल्पना. चांगलं आहे. पण मधली वर्षं पुसता येत नाहीत.

इथे माझीही एक कबुली. हेरिगेल नावाच्या जर्मन प्राध्यापकाचं झेन आणि धनुर्विद्या हे छोटं पुस्तक मी पंधरा-वीस वर्षं वर्गात शिकवलं. गुरू बोलत नाही, शिष्य झुरतो, एक दिवस बाण ‘आपोआप’ सुटतो. पोरं भारावायची, मीही. नंतर यामादा शोजी या जपानी अभ्यासकाचा लेख वाचला. हेरिगेलला जपानी जेमतेम यायचं, निर्णायक प्रसंगी दुभाषी हजर नव्हता, आणि त्याचे गुरू आवा केंझो हे झेनचे साधक नव्हतेच. गुरूचं गूढ वाक्य बहुधा समजुतीचा घोटाळा. शिवाय हेरिगेल १९३७ साली नाझी पक्षात गेला, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी ते शोधलं नाही, कारण मला गोष्ट आवडली होती. चाकणच्या त्या प्रशिक्षकांवर मी हसत नाही ते याच कारणाने.

आता सुन्पुला परत जाऊ. साइगोने अटी वाचून दाखवल्या. किल्ला द्या, शस्त्रं द्या, जहाजं द्या. तेश्शूने मान्य केलं. एक अट होती, शोगुन योशिनोबुला दुसऱ्या एका सरदाराच्या कैदेत द्या. तेश्शू म्हणाला, हे होणार नाही. साइगो म्हणाला, सम्राटाची आज्ञा आहे. तेव्हा तेश्शूने विचारलं, की तुमचे धनी शिमाझु यांच्यावर ही वेळ आली असती, आणि तुम्ही माझ्या जागी असता, तर दिलं असतं का? साइगो गप्प झाला, आणि ती अट आपण पाहून घेऊ म्हणाला. हा वृत्तांत तेश्शूने स्वतः लिहून ठेवला आहे.

यात ‘अ-मन’ कुठे आहे? निर्भयता आहे, ती सरावातून आली असेल. पण काम केलं ते एका युक्तिवादाने. तुम्ही माझ्या जागी असता तर? नीतिशास्त्राच्या पहिल्या तासाला आपण हाच प्रश्न शिकवतो. आणि त्याआधी आहे एक ‘नाही’. आज्ञा आहे म्हटल्यावरही नाही. तेश्शूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, एका शहराला वाचवणारी, ही प्रश्न विचारण्याची गोष्ट आहे. आणि त्याच्या शाळेच्या अभ्यासक्रमात तिला जागा नाही. तीन वर्षं वार, हजार दिवस, चौदाशे सामने. ‘नाही’ म्हणायचा सराव किती दिवस? एकही नाही. ते त्याने गृहीत धरलं. ज्या माणसाने गरिबीत भावंडं वाढवली, खालच्या घरात लग्न केलं, जो वर्षानुवर्षं हरला, त्याच्यात ते होतंच. शिष्यांमध्ये ते असेल असं कशावरून? स्वतःला जे न शिकवता आलं ते शिकवायचं असतं, हे गुरूला बहुतेक वेळा दिसत नाही. पुढच्या पिढ्यांनी त्याच्याकडून वार घेतला, सुन्पु घेतलं नाही. हा माझा आक्षेप आहे, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही.

त्याच्या बाजूने एक प्रसंग मात्र सांगायला हवा. सानयुतेइ एन्चो नावाचा त्या काळचा नामांकित कथेकरी, आपल्या कीर्तनकाराचा चुलतभाऊ म्हणा, तेश्शूकडे यायचा. तेश्शूने त्याला मोमोतारोची गोष्ट सांगायला लावली, जी तिथल्या प्रत्येक पोराला येते. ऐकून म्हणाला, तू जिभेने सांगतोस, म्हणून गोष्ट मेलेली आहे. एन्चो भारी संतापला असणार. मी असतो तर पुन्हा गेलो नसतो. तो जात राहिला, आणि पुढे त्याला ‘निर्जिव्ह’ असं नाव मिळालं. इथे बघा, कथेकऱ्याला तेश्शूने तीन वर्षं वार करायला लावलं नाही. त्याच्या स्वतःच्या धंद्यातली गोष्ट घेतली आणि तिथेच बोट ठेवलं. जसं त्या व्यापाऱ्याने न कळत तेश्शूला केलं होतं. हा तेश्शू मला शाळेतल्या तेश्शूहून मोठा शिक्षक वाटतो.

आता चाकणच्या पोराचा प्रश्न. पतंजली अभ्यासाची व्याख्या करताना दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने, अशा अटी घालतो. आणि अभ्यासाबरोबर लगेच वैराग्याची जोड देतो, एकटा अभ्यास तो सोडतच नाही. तेश्शूच्या शाळेत दोन्ही होतं: वार हा अभ्यास, सामना नाही हे वैराग्य, जिंकण्याचं. शॉपफ्लोअरवर काय आलं? अभ्यास कामगाराला आणि जिंकणं कंपनीला. सायकल टाइम चार सेकंदांनी कमी झाला तर तो आकडा फळ्यावर लागतो. तेश्शूच्या शिष्याने वार सुधारला तर तो वार त्याच्या खांद्यात राहतो, शाळा बंद पडली तरी. शुनपुकानने शिष्याच्या वाराची विक्री केली नाही.

आणि खंड न पडता हे तर सोडूनच द्या. कामगार कायद्यातला २४० दिवसांचा आकडा या सभागृहात किती जणांना पाठ आहे? हात वर करा. बघा. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला एवढे हात कधी वर आले नव्हते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, म्हणून ते भरण्याच्या आत, सहा-सात महिन्यांनी, कित्येक कंत्राटी पोरांना ‘ब्रेक’ मिळतो हे आपल्या पट्ट्यात कुणापासून लपलेलं नाही. तेश्शू पहिली परीक्षा हजार दिवसांनी घ्यायचा. हजार दिवस एकाच दारातून आत घेण्याचं वचन त्यात होतं. त्या पोराने नेमकं त्याच वचनावर बोट ठेवलं: ठेवून तर घेत होते ना? ‘शु’ मागायचा असेल तर ‘हा’ आणि ‘री’ येईपर्यंत माणूस तिथे असायला हवा. ही चहाच्या विधीच्या परंपरेतली मांडणी आहे, तिथे गुरू-शिष्याचं नातं जन्मभराचं होतं. सात महिन्यांत फक्त शु होतो, आणि मग नवा माणूस, नवा शु.

माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, मग सर, मी काय करू? फाइव्ह एस बंद करू? मी म्हटलं, अजिबात नको, जागा स्वच्छ आणि पाना जागेवर असणं ही उत्तम गोष्ट आहे, बोटं शाबूत राहतात. मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या. एक, पुढच्या वेळी ती गोष्ट सांगशील तेव्हा सुन्पुसकट सांग. दुसरी, त्या पोराला स्टेशनवरचं त्याला दिसणारं सगळ्यात बिनडोक काम कुठलं ते विचार, आणि ऐक. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. पोराने सांगितलं होतं की पाना उजव्या हाताला टांगलाय आणि बोल्टांचा ट्रे डावीकडे मागे आहे, त्यामुळे दर वेळी कमरेतून वळावं लागतं, कंबर धरते. ट्रे पुढे आणला. पोराचं कंत्राट येत्या महिन्यात संपतंय. त्याविषयी मी वर लिहून बघतो, असं तो म्हणाला. अजून उत्तर आलेलं नाही.

साडेसात झाले. चाकणकडे जाणाऱ्यांना बस गाठायची असेल तर त्यांनी खुशाल उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही. बाकीच्यांचे प्रश्न घेऊ. मागे त्या बाईंचा हात कधीपासून वर आहे, त्यांच्यापासून सुरू करू.